बालकांमधील रक्तवाहिनीदाह आणि मूत्रपिंडांचे रक्षण

सहा-सात वर्षांच्या एखाद्या मुलाला सर्दी-खोकला होतो आणि चार-आठ दिवसांत तो बराही होतो. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी एके सकाळी त्याच्या पोटऱ्यांवर, घोट्यांभोवती आणि नितंबांवर लालसर-जांभळे ठिपके उमटलेले आईच्या दृष्टीस पडतात. घोटा सुजलेला असतो, पाऊल टेकवत नाही. पोटात अधूनमधून कळा येतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, अंगात उष्णता झाली असेल, पित्त उठले असेल. दोन-तीन आठवडे जातात, ठिपके फिके होत होत मावळतात, घोट्याची सूज उतरते आणि मूल पुन्हा अंगणात धावू लागते. घराला वाटते, संकट टळले.

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ते खरोखरच टळलेले असते. परंतु काही मुलांच्या शरीरात याच सुमारास एक दुसरी घटना मूकपणे घडत असते. ती दिसत नाही, दुखत नाही आणि मुलाच्या खेळण्याबागडण्यात तिच्यामुळे फरकही पडत नाही. ती असते मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाहाची. तिचा सुगावा वेळीच लागला तर बहुधा ती आटोक्यात आणता येते. न लागल्यास क्वचित प्रसंगी तिची परिणती मूत्रपिंडे निकामी होण्यात होऊ शकते. हा दाह कसा ओळखावा आणि त्यावर कोणते उपचार केले जातात, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आजाराचा पूर्वेतिहास

वैद्यकशास्त्राला या आजाराची ओळख दोनशेहून अधिक वर्षांपासून आहे. इंग्लंडमधील विख्यात वैद्य विल्यम हेबर्डेन यांच्या १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा एका पाच वर्षांच्या मुलाचे वर्णन आढळते. अंगावर रक्ताचे ठिपके, पोटात कळा आणि लघवीत रक्त ही लक्षणे त्यात नोंदलेली आहेत. पुढे १८३७ मध्ये योहान शोनलाइन या जर्मन वैद्यांनी त्वचेवरील ठिपके आणि सांध्यांचे दुखणे यांचा परस्परसंबंध दाखविला. त्यांचे शिष्य एडुआर्ड हेनॉख हे बालरोगांचे गाढे अभ्यासक होते. त्यांनी १८७४ मध्ये पोटदुखी व शौचावाटे होणारा रक्तस्राव यांचा, आणि १८९९ मध्ये मूत्रपिंडांच्या विकाराचा या आजारात अंतर्भाव केला. म्हणून दीर्घकाळ हा आजार ‘हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा’ या नावानेच ओळखला गेला.

मूत्रपिंडात नेमके काय घडते, याचा उलगडा होण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. पॅरिस येथील ज्याँ बर्जे यांनी १९६८-६९ च्या सुमारास प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मूत्रपिंडांच्या ऊतींची तपासणी केली. ‘इम्युनोग्लोब्युलिन ए’ म्हणजेच आयजीए या नावाच्या प्रतिपिंडांचे थर त्यांना तेथे साठलेले दिसले. २०१२ च्या चॅपेल हिल परिषदेत तज्ज्ञांनी या आजारास ‘आयजीए रक्तवाहिनीदाह’ असे नाव दिले. नाव बदलले, तरी रुग्णालयांतील कागदपत्रांवर अद्याप दोन्ही नावे आढळतात. पालकांनी ती एकाच आजाराची समजावीत.

शरीरात काय घडते?

आयजीए हा प्रतिपिंड शरीराचा शत्रू नव्हे. नाक, घसा आणि आतडे यांच्या अस्तरावर तो पहारा देतो आणि बाहेरून येणाऱ्या जंतूंना अडवितो. या आजारात मात्र त्याची रचना किंचित सदोष असते. त्यावर असणाऱ्या शर्करेच्या साखळ्या अपुऱ्या राहिलेल्या असतात. असे सदोष रेणू एकमेकांत व इतर प्रतिपिंडांत गुंतून त्यांचे पुंजके बनतात आणि ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकून बसतात. तेथे शरीराच्याच संरक्षक पेशी धावून येतात आणि दाह सुरू होतो. घशाच्या किंवा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर हा आजार पुष्कळदा का उद्भवतो, याचे स्पष्टीकरण यातून मिळते. हा आजार स्पर्शाने पसरत नाही; त्यामुळे भावंडांना दूर ठेवण्याचे कारण नाही.

मनुष्याच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे अतिसूक्ष्म केशवाहिन्यांचा एक गुच्छ होय. प्रौढ माणसाच्या शरीरात या गुच्छांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यापैकी दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर पडतो. हे गुच्छ रक्तवाहिन्यांचेच बनलेले असल्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार त्यांना वगळत नाही. दाह झाला की गाळणीची छिद्रे सैल होतात आणि रक्तात राहावयास हव्यात त्या तांबड्या पेशी व प्रथिने लघवीत उतरू लागतात. एकदा गुच्छाच्या जागी व्रणऊती तयार झाली की तो गुच्छ पुन्हा कामास येत नाही. गमावलेल्या गाळण्या शरीर नव्याने घडवू शकत नाही. म्हणूनच वेळेला महत्त्व आहे.

लक्षणे आणि निदान

दर एक लाख मुलांमागे दर वर्षी साधारणपणे १० ते २० मुलांना हा आजार होतो. तीन ते पंधरा या वयोगटात तो प्रामुख्याने आढळतो आणि चार ते सात वर्षांच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. त्वचेवरील ठिपके हाताला किंचित उंच लागतात आणि काचेचा पेला वरून दाबला तरी फिके पडत नाहीत. हे ठिपके विशेषेकरून कमरेखाली असणे, आणि त्यांच्या जोडीस पोटदुखी, सांधेदुखी, मूत्रपिंडांचा विकार किंवा ऊतिपरीक्षेत आढळलेले आयजीएचे साठे यांपैकी निदान एक गोष्ट असणे, यांवरून डॉक्टर निदान करतात.

आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि अंगावर रक्ताचे ठिपके म्हटले की पालकांच्या मनात प्रथम तीच शंका येते. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट कमी होतात. आयजीए रक्तवाहिनीदाहात त्या कमी होत नाहीत. म्हणून रक्ताची साधी तपासणी अशा वेळी अत्यंत उपयुक्त ठरते. मात्र तीव्र ताप, ग्लानी आणि झपाट्याने पसरणारे ठिपके अशी स्थिती असेल, तर ती मेंदूच्या आवरणाच्या किंवा रक्तातील गंभीर जंतुसंसर्गाची खूण असू शकते. अशा मुलास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. पोटदुखी असह्य झाली, हिरवी उलटी झाली किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर एक आतडे दुसऱ्यात शिरल्याची शक्यता असते. तेव्हाही हाच नियम पाळावा.

सहा महिन्यांचा पहारा

या आजारात सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या मुलांच्या मूत्रपिंडांना कमी-अधिक झळ पोहोचते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १,१३३ मुलांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. ज्यांना मूत्रपिंडांचा विकार झाला, त्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांत तो पहिल्या चार आठवड्यांत आणि ९७ टक्के मुलांत सहा महिन्यांच्या आत प्रकट झाला होता. ज्यांची लघवी या काळात निर्दोष राहिली, त्यांपैकी एकाही मुलाच्या मूत्रपिंडांना पुढे कायमची इजा झाली नाही. लघवीत केवळ थोडे रक्त वा प्रथिन आढळलेल्या मुलांत कायमच्या इजेचे प्रमाण १.६ टक्के होते. परंतु ज्यांना अंगावर सूज, वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून प्रथिनांचा मोठा ऱ्हास अशा तीव्र स्वरूपाचा विकार झाला, त्यांच्यात हेच प्रमाण १९.५ टक्क्यांपर्यंत गेले.

या आकड्यांत आश्वासन आहे आणि इशाराही आहे. सहा महिने लघवी व रक्तदाब यांची नियमित तपासणी केली, तर कोणत्या मुलाची काळजी सोडून द्यावी आणि कोणत्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे, हे निश्चितपणे सांगता येते. पहिला महिनाभर दर आठवड्यास, तिसऱ्या महिन्याअखेरपर्यंत दर पंधरवड्यास आणि पुढे सहा महिने पूर्ण होईतो दर महिन्यास तपासणी, असा क्रम सर्वसाधारणपणे पाळला जातो. ठिपके पुन्हा उमटले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी. सुमारे एकतृतीयांश मुलांत आजार असा उलटतो.

तपासणीस लागणारी साधने थोडकी आहेत. सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घ्यावी. कारण दिवसभर उभे राहिल्याने निरोगी मुलाच्या लघवीतही कधीकधी किंचित प्रथिन उतरते आणि विनाकारण घबराट होते. लघवीत बुडविलेल्या कागदी पट्टीचा रंग बदलला तर रक्त वा प्रथिन असल्याचे कळते. प्रथिन आढळल्यास त्याचे क्रिएटिनिनशी असलेले गुणोत्तर प्रयोगशाळेत काढतात. दोन वर्षांवरील मुलात ते ०.२ पेक्षा कमी असावे. ते २ च्या पुढे गेले तर विकार गंभीर समजतात. रक्तदाब मोजताना दंडाभोवतीचा पट्टा मुलाच्या मापाचा हवा. मोठ्या माणसाच्या पट्ट्याने मुलाचा रक्तदाब खरा आहे त्याहून कमी भरतो आणि धोका झाकला जातो.

खेड्यातील कुटुंबाची अडचण मात्र निराळी असते. मूल हुंदडत असताना केवळ लघवी तपासण्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी का जावे, असा प्रश्न बापाला पडतो आणि तो गैर नाही. यावर उपाय असा की, मधल्या तपासण्या शक्य तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच कराव्यात आणि दोष आढळला तरच पुढे पाठवावे. डॉक्टरांनी तपासणीच्या तारखा सुरुवातीलाच एका कार्डावर लिहून दिल्या, आशा कार्यकर्तीने त्या लक्षात ठेवल्या आणि शाळेच्या गुरुजींना त्याची कल्पना दिली, तर हा पहारा तुटत नाही.

औषध केव्हा द्यावे, केव्हा देऊ नये

पूर्वी अनेक डॉक्टर आजार उद्भवताच सर्व मुलांना स्टिरॉइड देत असत. मूत्रपिंडांचा विकार त्यामुळे आधीच रोखला जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती तर्कसंगतही वाटत होती. ब्रिटनमध्ये ३५२ मुलांवर या समजुतीची परीक्षा घेण्यात आली. काहींना दोन आठवडे प्रेडनिसोलोन दिले, काहींना तशीच दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी दिली. वर्षभरानंतर लघवीतील प्रथिनांच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडांना झळ पोहोचण्यापूर्वीच प्रतिबंधक म्हणून स्टिरॉइड देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वे आता सांगतात. तीव्र पोटदुखीसाठी मात्र त्याचा उपयोग होतो. ज्या गोळीने विकार रोखता येत नाही, तिची जागा तपासणीनेच घ्यावयाची आहे, हा या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ होय.

लघवीत केवळ सूक्ष्म प्रमाणात रक्त असेल, तर बहुधा औषध लागत नाही. देखरेख पुरेशी असते. प्रथिन सातत्याने उतरू लागले, तर एनालाप्रिलसारखी औषधे देतात. ती गाळणीवरील रक्ताचा दाब कमी करतात आणि प्रथिनांचा ऱ्हास घटवितात. मात्र त्यांच्यामुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, म्हणून मधूनमधून रक्त तपासावे लागते. मुलाला जुलाब-उलट्या होऊन पाणी कमी झाल्यास डॉक्टरांना विचारून ती तात्पुरती थांबवावी लागतात.

प्रथिनांचा ऱ्हास मोठा असेल, काही आठवडे टिकून राहिला असेल किंवा मूत्रपिंडांचे कार्य मंदावले असेल, तर ऊतिपरीक्षा म्हणजे बायॉप्सी करतात. हा शब्द ऐकताच पालक घाबरतात. प्रत्यक्षात मुलाला गुंगी देऊन व जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या साहाय्याने बारीक सुईने मूत्रपिंडाचा सुतळीहूनही बारीक तुकडा काढला जातो आणि मुलाला सुमारे एक दिवस देखरेखीखाली ठेवतात. या तुकड्यात दाह किती गुच्छांत आहे, किती गुच्छांभोवती पेशींच्या चंद्रकोरी तयार झाल्या आहेत आणि किती ठिकाणी व्रण पडले आहेत, हे दिसते. गुच्छाभोवती वाढणाऱ्या चंद्रकोरी त्याला हळूहळू आवळून टाकतात. त्या ताज्या असतील तर औषधाने विरघळू शकतात. जुन्या होऊन कठीण बनल्या तर नाही.

मध्यम स्वरूपाच्या विकारात तोंडावाटे प्रेडनिसोलोन दिले जाते. तीव्र विकारात, विशेषतः निम्म्याहून अधिक गुच्छांभोवती चंद्रकोरी असल्यास, मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेवाटे सामान्यतः तीन दिवस देतात आणि त्याच्या जोडीस सायक्लोफॉस्फामाइड सुरू करतात. मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन ही औषधे काही मुलांना दाह दबून राहावा यासाठी दिली जातात. मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत असल्यास क्वचित रक्तद्रव बदलण्याचा मार्गही अवलंबितात. ही सर्व औषधे प्रभावी आहेत, तशीच ती जबाबदारीने वापरावयाची आहेत. त्यांच्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते. म्हणून मुलाला ताप आला किंवा कांजिण्या झालेल्या व्यक्तीचा सहवास घडला, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे आणि लस देण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यावा. स्टिरॉइडमुळे चेहरा गोल होतो, भूक वाढते, रक्तदाब चढू शकतो. आरशात पाहून मूल हिरमुसते, सोबती चिडवतात. परंतु एवढ्यासाठी औषध अचानक बंद करणे अत्यंत धोक्याचे असते. मात्रा उतरत्या क्रमाने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच कमी करावी. ती कमी झाली की चेहरा पूर्ववत होतो.

घरची काळजी

सांधे दुखतात म्हणून दुकानातून कोणतीही वेदनाशामक गोळी आणून देऊ नये. आयब्युप्रोफेन व त्या वर्गातील औषधे मूत्रपिंडांवर ताण आणतात. पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत देता येते. ज्यांतील घटकच ठाऊक नाहीत, अशी चूर्णे व पुड्या मुलाला देऊ नयेत. अंगावर सूज किंवा रक्तदाब असेल, तर पापड, लोणचे, फरसाण, खारवलेली मासळी यांना काही काळ रजा द्यावी. परंतु लघवीतून प्रथिन जाते म्हणून डाळी, दूध, अंडी बंद करणे चूक आहे. वाढत्या वयाच्या मुलास ती हवीतच. मूल बरे वाटू लागताच त्याने शाळेत जावे, खेळावे. पाठवायचे की नाही, या काळजीत वर्ष वाया घालविण्याचे कारण नाही.

पुढील खुणा मात्र कधीही दुर्लक्षू नयेत: लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होणे, तिला न विरणारा फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसणे, लघवीचे प्रमाण घटणे, सतत डोके दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे.

शासकीय साहाय्य

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी करून त्यांना पुढील उपचारांसाठी पाठविण्याची व्यवस्था आहे. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. या योजनेत मूत्रपिंडविकारांवरील उपचारांचाही समावेश आहे. ज्या थोड्या मुलांची मूत्रपिंडे अखेर निकामी होतात, त्यांच्यासाठी अपोहन म्हणजे डायलिसिस व मूत्रपिंडारोपण हे मार्ग उपलब्ध आहेत. परंतु आरोपित मूत्रपिंडातही हा आजार काही वेळा पुन्हा उद्भवतो. त्यामुळे स्वतःचे मूत्रपिंड जपण्याइतका लाभदायक दुसरा उपाय नाही.

ज्यांना बालपणी मूत्रपिंडाचा तीव्र विकार झाला होता, त्यांनी मोठेपणीही वर्षातून एकदा लघवी व रक्तदाब तपासून घ्यावा. अशा मुलींना पुढे गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा व लघवीतून प्रथिन जाण्याचा धोका अधिक असतो. म्हणून बालपणीचे कागदपत्र घरात जपून ठेवावेत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तर ते तिच्याबरोबर जावेत आणि गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत तिने ते डॉक्टरांना दाखवावेत.

श्रोतेहो, या आजारात ठिपके सर्वांना दिसतात, तर मूत्रपिंडांचा दाह तपासणीवाचून कोणालाच दिसत नाही. सहा महिन्यांत दहा-बारा वेळा लघवीची एक लहान बाटली आरोग्य केंद्रात पोहोचविणे, तेथे पट्टीचा रंग पाहणे, रक्तदाब मोजणे आणि कार्डावर नोंद करणे, एवढाच हा पहारा आहे. शेवटच्या तारखेपर्यंत तो राखला गेला आणि सर्व नोंदी निर्दोष निघाल्या, तर डॉक्टरांनी ते कार्ड आईच्या हाती द्यावे आणि मूल आता निर्धोक आहे, असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. सहा महिने तिने ज्या शब्दांची वाट पाहिली, ते तिला खात्रीने ऐकावयास मिळणे, हाही या उपचारांचाच एक भाग होय.